भूमीचा सौदा आणि श्रावकाचे सत्यव्रत

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेले भाषण)

 

व्यवसाय आणि व्रत या विषयावर दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा विश्वस्त मंडळाने केली, तेव्हा मला प्रथम संकोच वाटला. मी पंडित नव्हे, प्रवचनकारही नव्हे. बी.कॉम. झालो, वडिलांच्या कापड दुकानाच्या गादीवर बसलो आणि मीटरपट्टी हाती घेऊन आयुष्य काढले. परंतु मंडळाने मला विषय नेमून दिला तो कापडाचा नव्हे, तर जमीन-जुमल्याच्या धंद्याचा. आपल्या समाजातील अनेक तरुण आज लेआऊट, प्लॉट आणि दलालीच्या व्यवसायात उतरले आहेत, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की, मी स्वतः सुमारे सात वर्षे या धंद्यात एक पाय ठेवून होतो आणि नंतर तो काढून घेतला, हे ज्येष्ठांना ठाऊक आहे. पाय का काढला, हे मी आजवर चारचौघांत सांगितलेले नाही. सुवर्णमहोत्सवासारखा प्रसंग पुन्हा माझ्या आयुष्यात येणार नाही, म्हणून आज ते सांगणार आहे.

कापडाच्या दुकानातून मनुष्य जमिनीच्या सौद्यात कसा जातो, असा प्रश्न नव्या पिढीला पडेल. मारेगावसारख्या गावात त्याचे उत्तर सोपे आहे. लग्नाचा बस्ता बांधायला कास्तकार आपल्या दुकानात येतो. बस्ता उधारीवर जातो. कापूस विकला की पैसे देतो म्हणतो. कापूस बोंडअळीने गेला, सोयाबीन पावसाने गेले, की तोच कास्तकार पुन्हा गादीवर येऊन बसतो आणि हळू आवाजात विचारतो, "शेटजी, दोन एकराले गिऱ्हाईक आहे का कोनी?" दुकानात दुसऱ्या दिवशी एखादा नोकरदार येतो, त्याला जमीन हवी असते. एकाचे नाव दुसऱ्याला सांगितले की सौदा होतो आणि दुकानदाराच्या हाती दलाली पडते. मी या धंद्यात असाच शिरलो. वाईट हेतू नव्हता. परंतु वाईट हेतू नसणे आणि निर्दोष असणे यांत फार अंतर आहे, हे कळायला मला वर्षे लागली.

आपल्या मुलुखातील जमिनीचा स्वभाव आधी समजून घेतला पाहिजे. १९०५ पर्यंत आपल्या जिल्ह्याचे नाव यवतमाळ नव्हते, ते 'वून' म्हणजे वणी होते. त्या वणीच्या भूमीखाली कोळसा आहे. उकणी, नीलजई यांसारख्या खाणींसाठी वेस्टर्न कोलफिल्ड्सने जमिनी घेतल्या. हे संपादन १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्यान्वये होते. ज्याचे वावर गेले त्याच्या हाती एकरकमी पैसा आला, कुणाच्या घरात नोकरी आली, आणि त्या पैशाने आसपासच्या गावांत जमिनी व प्लॉट शोधण्यास प्रारंभ केला. दुसरीकडे आपला तालुका कोलाम आणि गोंड बांधवांचाही आहे. त्यांच्या जमिनी बिगर आदिवासींनी काढून घेऊ नयेत म्हणून १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात १९७४ साली कलम ३६-अ घातले गेले. त्यानुसार शासनाच्या पूर्वमान्यतेने दिलेल्या जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना आदिवासींची जमीन बिगर आदिवासीला विकत घेता येत नाही. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत मिळवून देण्यासाठीही स्वतंत्र कायदा झाला. म्हणजे एकाच रस्त्याच्या डाव्या बाजूची जमीन विकता येते आणि उजव्या बाजूची येत नाही, असा हा प्रदेश आहे. डोळ्यांना दोन्हीकडे सारखीच काळी माती दिसते. फरक कागदात असतो, आणि तो कागद वाचून दाखविणाऱ्याच्या प्रामाणिकपणात असतो.

या धंद्यातील तरुणांसाठी व्यवहाराच्या काही गोष्टी सांगतो. सातबारा पाहताना केवळ नाव आणि क्षेत्र पाहून कागद घडी करू नये. भोगवटादार वर्ग १ आहे की २, हे पाहावे. वर्ग २ असेल तर हस्तांतरणावर बंधन आहे असे समजावे. 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा, सोसायटीचे कर्ज, बहिणींची नावे, कुळाची नोंद अशा गोष्टी दडलेल्या असतात. भूदानातून किंवा शासकीय वाटपातून मिळालेली जमीन असेल तर अधिकच सावध राहावे. फेरफाराची साखळी मागे जाऊन तपासावी. आजोबांपासून नातवापर्यंत वारस कसे लागले आणि कुणाचे नाव कुठे गळाले, ते तिथेच कळते. दुय्यम निबंधक कार्यालयात किमान तीस वर्षांचा शोध घ्यावा. भूमि अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्यावी, कारण आपल्याकडे धुऱ्यावरून भावाभावांत जितके तंटे झाले, तितके दुसऱ्या कशावरून झाले नसतील. पांदण नकाशावर आहे की केवळ शेजाऱ्याच्या मेहेरबानीची आहे, हे पावसाळ्यात जाऊन पाहावे.

आणखी काही मुद्दे. विदर्भासाठी १९५८ चा स्वतंत्र कुळवहिवाट कायदा आहे. शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. त्यात वेळोवेळी बदल होत गेले, म्हणून प्रत्येक सौद्याच्या वेळी त्या दिवशीचा नियम कार्यालयात विचारावा, ऐकीव माहितीवर विसंबू नये. सौदाचिठ्ठी म्हणजे खरेदी नव्हे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे केवळ कराराने मालकी मिळत नाही, ती नोंदणीकृत खरेदीखतानेच मिळते. १ जून २०१५ पासून जमिनीच्या व्यवहारात वीस हजार वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई केली आहे. स्थावर संपदा कायदा २०१६ साली आला आणि १ मे २०१७ पासून महारेराचे काम सुरू झाले. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे असतील तर तेथे प्रकल्पाची नोंदणी लागते, आणि असे प्लॉट विकून देणाऱ्या दलालालाही नोंदणी लागते. २०२३ पासून तर महारेराने दलालांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आवश्यक केली. आमच्या काळी दलाल होण्यासाठी केवळ एक स्कूटर आणि गोड जीभ पुरेशी होती. हा बदल चांगला आहे, त्याचे स्वागत करावे.

ही झाली कागदाची बाजू. ती शिकता येते. या धंद्याची दुसरी बाजू मनाची आहे आणि ती कुठल्याही परीक्षेत येत नाही.

कापड आणि जमीन या दोन्ही वस्तू मी विकल्या आहेत. कापडात डाग निघाला तर ठाण परत घेता येते. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन रंग बदलून मागू शकते. जमीन विकणारा मनुष्य मात्र बहुधा आयुष्यात एकदाच विकतो, आणि विकतो तेव्हा कसल्या तरी अडचणीत असतो. बी.कॉम.च्या पुस्तकात आम्ही शिकलो की जमिनीवर घसारा काढत नाहीत. जमीन झिजत नाही हे खरे. परंतु ती हातातून गेल्यावर घर कसे झिजते, ते मी पाहिले आहे.

एक प्रसंग सांगतो. एका कास्तकाराच्या मुलीचा बस्ता माझ्या दुकानातून गेला होता. उधारी थकली. त्याने तीन एकर विकायला काढले, गिऱ्हाईक मीच आणले. इसाराची रक्कम त्याच्या हातात पडली त्याच संध्याकाळी मी माझी उधारी वळती करून घेतली आणि वर दलालीही घेतली. हिशेबात काही चूक नव्हती. जमा-नावे बरोबर जुळले. पुढे काही महिन्यांनी त्याची पत्नी दुकानात आली. लुगडे बघता बघता थांबली आणि म्हणाली, "शेटजी, वावर गेलं. आता सकायी उठून मी कुठं जाऊ?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तीस वर्षे ती पहाटे भाकरी बांधून ज्या वाटेने जात होती, ती वाट आता तिची राहिली नव्हती, एवढेच ती सांगत होती. तेव्हा माझ्या ध्यानात आले की, त्या सौद्याच्या साऱ्या बैठकीत मी त्या माउलीला एकदाही विचारले नव्हते. सही तिच्या पतीची लागत होती, म्हणून मी त्याच्याशीच बोललो होतो. तीन एकरांऐवजी एक एकर विकून भागले असते का? उधारीला मी एक वर्ष थांबू शकलो असतो का? थांबू शकलो असतो. कुणी मला विचारले नाही आणि मीही स्वतःला विचारले नाही.

दुसरी गोष्ट आपल्या घरांतील आहे, म्हणून अधिक अवघड आहे. वडील गेले की बहिणी माहेरी येतात. बारा दिवस संपतात, आणि तेराव्या-चौदाव्या दिवशी एक कागद पुढे येतो. "इथे सही कर," एवढेच सांगितले जाते. तो हक्कसोडपत्राचा कागद असतो. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आपणा जैनांनाही लागू आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की २००५ मध्ये वडील हयात असणे आवश्यक नाही. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला तर ते तिचे औदार्य आहे, त्याविषयी कुणाचे काही म्हणणे नाही. परंतु कागद वाचून न दाखविता घेतलेली सही ही खुशी नव्हे. मी दलाल असताना अशा सह्यांच्या आधारावर झालेले सौदे पाहिले. त्यानंतर काही घरांत राखी पोस्टाने येऊ लागली, आणि काही घरांत तीही बंद झाली.

खरेदी करणाऱ्याच्या मनाचाही विचार झाला पाहिजे. लहान प्लॉट घेणारा मनुष्य गुंतवणूकदार नसतो. शिक्षक, शिपाई, वाहक, पोस्टमन अशी ही माणसे. भविष्य निर्वाह निधीतून, पत्नीच्या मंगळसूत्रातून, सोसायटीच्या कर्जातून ते पैसे उभे करतात. रविवारी पत्नी-मुलांना घेऊन त्या ओसाड जागेवर येतात आणि तेथे उभे राहून स्वयंपाकघर कुठे, देवघर कुठे, हे हाताने दाखवितात. अशा वेळी दलालाच्या मनालाही आनंद होतो. मी तो आनंद पुष्कळदा अनुभवला आहे. पुढे तेथे घर उभे राहिले, वास्तुशांतीचे आमंत्रण आले, त्या घरातील मूल मोठे होऊन आपल्या दुकानात शाळेच्या गणवेशाला आले, की आपण कुणाच्या तरी छपराला कारणीभूत झालो याचे समाधान वाटते. हा धंदा मुळात वाईट आहे, असे मी म्हणणार नाही.

आता माझ्या चुकीकडे येतो.

गोष्ट नव्वदच्या दशकातील आहे. एका भागीदारासह मी रस्त्यालगतचे चार एकर शेत सौदाचिठ्ठीवर धरले. चुन्याच्या रेषा मारून प्लॉट पाडले, कागदावर नकाशा काढला, त्यात बगिचाही दाखविला. लोक विचारीत, "अकृषक परवाना झाला का?" मी सांगत असे, "सहा महिन्यांत होईल. काळजी करू नका, मी आहे ना!" वास्तविक तोवर अर्जसुद्धा दाखल झालेला नव्हता आणि मला ते ठाऊक होते. माझ्या मनाला मी समजावीत होतो की, पुढे होणारच आहे, मग आज सांगायला काय हरकत? पुढे मूळ मालकाच्या दोन बहिणींनी हरकत घेतली. त्यांची संमती घेतलेलीच नव्हती. खरेदी अडली, परवाना अडला, आणि ज्यांनी पैसे भरले होते त्यांच्या हाती स्टॅम्प पेपरवरचा एक करार तेवढा राहिला.

त्यांत एस.टी.तून निवृत्त झालेले एक वाहक होते. निवृत्तीच्या रकमेतील मोठा भाग त्यांनी त्या प्लॉटमध्ये घातला होता. इतर लोक भागीदाराकडे जाऊन भांडत. हे गृहस्थ मात्र दर महिन्याला माझ्या दुकानात येत, बाकावर बसत, चहा घेत आणि एवढेच विचारीत, "काही झालं का, शेटजी?" त्यांनी कधी आवाज चढविला नाही. एकदा मी म्हटले, "आपण भागीदारांनाही विचारा ना." ते म्हणाले, "त्यांना मी ओळखत नाही. पैसे मी तुमच्या शब्दावर दिले."

त्या दिवशी संध्याकाळी मी स्थानकात प्रतिक्रमणाला बसलो होतो. लहानपणापासून पाठ असलेले पाठ चालले होते. दुसऱ्या व्रतात, स्थूल मृषावाद विरमणात, पाच मोठी असत्ये सांगितली आहेत. कन्येविषयीचे असत्य, गाई-गुरांविषयीचे असत्य, भूमीविषयीचे असत्य, ठेव बुडविणे आणि खोटी साक्ष. 'भोमालीए' हा शब्द मी हजार वेळा उच्चारला होता, पण त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा ऐकला. आपल्या आचार्यांनी जगातील अगणित असत्यांतून श्रावकासाठी ही पाच निवडली आणि त्यांत भूमीला स्वतंत्र स्थान दिले. ते का दिले असेल, याचा मी रात्रभर विचार केला. मला असे वाटते की, ज्या वस्तूवर मनुष्याचे सारे आयुष्य उभे असते, त्या वस्तूविषयी बोललेले असत्य त्याचे सारे आयुष्य हलविते, म्हणून दिले असेल. कापडाविषयी खोटे बोललो तर एक सदरा फाटेल. जमिनीविषयी खोटे बोललो तर एक घर उभे राहायचे थांबेल. मी तर त्या पाचांपैकी दोन दोष एकदम केले होते. भूमीविषयी असत्य बोललो होतो आणि दुसऱ्याची ठेव अडकवून बसलो होतो.

जे नऊ जण माझ्या शब्दावर आले होते, त्यांची रक्कम परत करण्याचे मी ठरविले. कायद्याने माझ्या वाट्याला अर्धीच जबाबदारी येत होती, असे वकिलांनी सांगितले. परंतु शब्द अर्धा दिला नव्हता. माझा एक स्वतःचा प्लॉट विकला, दुकानातील माल कमी केला आणि तीन वर्षांत नऊ जणांचे पैसे फेडले. वाहक महोदयांची रक्कम सर्वांत आधी दिली. त्यांनी ती मोजली, नमस्कार केला आणि गेले. मात्र तोवर गावातील भाव वाढले होते. त्या रकमेत त्यांना पुन्हा प्लॉट मिळाला नाही. ते अखेरपर्यंत भाड्याच्या घरात राहिले. त्यांचे पैसे मी परत केले, परंतु गेलेली वर्षे परत करू शकलो नाही. त्यानंतर मी या धंद्यातून पाय काढला.

युवा मित्रांनो, तुम्हीही पाय काढावा असे सांगण्यासाठी मी उभा नाही. घरे लागणारच, जमिनी विकल्या-घेतल्या जाणारच. मग तो व्यवहार व्रत जाणणाऱ्या मनुष्याच्या हातून झालेला काय वाईट? परंतु काही नियम मनाशी बांधून घ्या. जो परवाना हाती नाही, तो 'होणारच आहे' असे कधीही म्हणू नका. 'आज नाही' एवढेच म्हणा. विकणाऱ्याच्या पत्नीला आणि बहिणींना बैठकीत बोलवा आणि कागद त्यांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवा. ज्याच्याकडे आपली उधारी आहे, त्याच्या जमिनीची दलाली घेऊ नका, कारण तेथे आपण मध्यस्थ राहत नाही. कर्जापोटी जमिनीचे खरेदीखत लिहून घेण्याच्या वाटेला जाऊ नका. २०१४ च्या सावकारी कायद्याने असे व्यवहार रद्द होऊन जमीन परत जाऊ शकते, आणि आपल्या व्रतात तर कूटलेख हा अतिचार फार पूर्वीच सांगितलेला आहे. कागदावर एक रक्कम आणि पिशवीत दुसरी, हा प्रकार 'व्यवहारात चालतेच' म्हणून झाकू नका. तिसऱ्या व्रतात त्यालाच विरुद्धराज्यातिक्रम म्हटले आहे.

आणि शेवटचा नियम मर्यादेचा. पाचव्या व्रतातील परिग्रहाच्या यादीत सोन्या-चांदीच्याही आधी क्षेत्र आणि वास्तु, म्हणजे मोकळी जमीन आणि बांधलेली जागा, यांची नावे येतात. उपासकदशांगातील आनंद श्रावक महाश्रीमंत होता. त्याने भगवंतांसमोर आपल्या शेतीची मर्यादा पाचशे नांगरांची ठरविली. पाचशे नांगर ही काही लहान जमीन नव्हे! तरीही तेथे एक आकडा होता. आपल्यापैकी किती जणांनी स्वतःचा आकडा ठरविला आहे? लहान असो की मोठा असो, प्रत्येकाने या वर्षी तो ठरवावा आणि कुठेतरी लिहून ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

विश्वस्त मंडळालाही एक नम्र सूचना करतो. पन्नास वर्षांत आपल्या ट्रस्टला अनेकांनी श्रद्धेने दान दिले. जुन्या पिढीचे दान पुष्कळदा तोंडी असते. ट्रस्टच्या प्रत्येक जागेचे कागद या सुवर्णमहोत्सवी वर्षात तपासून घ्यावेत, मोजणी करून घ्यावी आणि धर्मादाय कार्यालयातील नोंदीशी ते जुळतात की नाही ते पाहावे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीविना ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकता येत नाही, हेही नव्या विश्वस्तांनी ध्यानात ठेवावे. दात्याची भावना शुद्ध होती. त्याच्या नातवंडांशी उद्या आपला वाद होऊ नये, ही जबाबदारी आपली आहे.

या सभागृहात आज त्या नऊ कुटुंबांपैकी कुणी असेल किंवा नसेल. पैसे परत दिले, परंतु क्षमा मागायची राहिली होती. सकल संघाच्या साक्षीने ती आज मागतो. माझ्या बोलण्यात काही अधिक-उणे झाले असेल, कुणाचे मन दुखावले असेल, तर मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र! जय महावीर!